गरिबी किती, अनुशेष किती: विद्यापीठातला आकडा सरकारी धोरणात कसा शिरतो

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात घरोघर प्रगणक फिरले. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ॲप आणि ॲपमध्ये भलीमोठी प्रश्नावली. राज्य मागासवर्ग आयोगाचं हे सर्वेक्षण २३ जानेवारीला सुरू झालं, २ फेब्रुवारीला संपलं आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने मराठा आरक्षणाचा नवा कायदा केला. त्या दिवसांतल्या बातम्यांत एक नाव सारखं येत होतं, पुण्याच्या गोखले संस्थेचं. सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर त्यांचं आहे, असं छापून येत होतं. अनेकांना प्रश्न पडला. आयोग सरकारचा, दारोदार फिरणारे शिक्षक आणि पालिकेचे कर्मचारी, निर्णय घेणार मंत्रिमंडळ. मग मध्येच ही अर्थशास्त्र शिकवणारी संस्था कुठून आली?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र आरक्षणाच्या वादापासून थोडं लांब जावं लागतं, साधारण पन्नास-पंचावन्न वर्षं मागे.

## संशोधन केंद्र म्हणजे कोण

सरकारला माहिती तीन ठिकाणांहून मिळते. एक, सरकारची स्वतःची खाती: जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय. दोन, खासगी सल्लागार कंपन्या आणि स्वतंत्र अभ्यासगट. तीन, विद्यापीठांतली किंवा विद्यापीठाचा दर्जा असलेली संशोधन केंद्रं. या तिसऱ्या गटातली माणसं सकाळी वर्गावर शिकवतात, दुपारी आकडेवारीत डोकं घालून बसतात आणि मधूनच कुठल्यातरी सरकारी समितीवर जातात. त्यांची नोकरी एका अहवालावर अवलंबून नसते. निदान नसावी, अशी कल्पना आहे.

गोखले संस्था ६ जून १९३० रोजी सुरू झाली. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजाला साताऱ्याचे रावबहादूर काळे यांनी देणगी दिली, त्यातून ती उभी राहिली. काळ्यांच्या नावाने तिथे व्याख्यान होतं. १९३९ चं व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं होतं, संघराज्याच्या योजनेवर. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, १९६६ पर्यंत. त्यांच्यानंतर वि. म. दांडेकर. अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९३ चा, पण काम त्याआधीपासून विद्यापीठाचंच होतं. अलीकडे ही संस्था कारभारावरच्या वादांमुळेही बातम्यांत आली, पण तो विषय वेगळा.

महाराष्ट्रात ती एकटी नाही. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ पासूनचा, टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ ची. मी गोखले संस्थेवरच थांबणार आहे, कारण एक आकडा कागदावरून निघून कायद्यापर्यंत आणि तुमच्या-आमच्या पगारपत्रकापर्यंत कसा पोचतो, हे तिथे सलग दिसतं.

## धोरणात यांचं काम काय

गावात बांधाचा वाद झाला की भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार येतो. जमीन कुणाची हे तो ठरवत नाही, ते महसूल अधिकारी नाहीतर कोर्ट ठरवतं. तो फक्त मोजतो, खुणा रोवतो आणि नकाशा देतो. पण एकदा खुणा रोवल्या की पुढचं सगळं भांडण त्या खुणांभोवती होतं. मोजणी पटली नाही तर अपील करून निमताना मोजणी मागता येते, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येतं. ‘मोजणीच नको’ असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही.

संशोधन केंद्राचं सरकारी धोरणातलं मुख्य काम हेच. योजना मंत्री जाहीर करतो, पैसा विधानसभा मंजूर करते. गरीब कुणाला म्हणायचं, मागास जिल्हा कोणता, कुपोषण कुठून सुरू होतं, या खुणा बहुतेक वेळा कुठल्यातरी प्राध्यापकाने आधी रोवलेल्या असतात. त्या कशा रोवल्या, हे पाहिल्याशिवाय योजनेवरचा वादही नीट कळत नाही.

## महिना पंधरा रुपये

१९७१ च्या जानेवारीत मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा दीर्घ अभ्यास छापून आला. प्रश्न साधा होता: देशात गरीब किती?

दारिद्र्यरेषा हा शब्द आज रेशनच्या दुकानातही ऐकू येतो. त्याचा अर्थ एवढाच: दरमहा दरडोई खर्चाचा एक आकडा, ज्याच्या खाली असलेला माणूस गरीब धरायचा. हा आकडा काढण्याची दांडेकर-रथ यांची रीत अशी होती. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९६०-६१ मध्ये देशभरातल्या कुटुंबांचा खर्च नोंदवला होता. त्यात कुटुंबांचे खर्चानुसार गट पाडलेले, आणि प्रत्येक गटातली माणसं काय नि किती खातात याची नोंद. दोघांनी माणशी रोज २,२५० उष्मांक (कॅलरी) ही किमान गरज धरली. मग तक्त्यात खालून वर जात पाहिलं की कोणत्या गटाच्या ताटात एवढे उष्मांक पडतात. त्या गटाचा एकूण खर्च ही रेषा. ग्रामीण भागात ती आली माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. रोजचा हिशेब करायचा तर खेड्यात आठ आणे, शहरात बारा आणे.

आणि या रेषेखाली? खेड्यांत सुमारे ४० टक्के लोक, शहरांत जवळपास निम्मे.

रेषा आखायचा हा पहिला प्रयत्न नव्हता. नियोजन आयोगाच्या एका अभ्यासगटाने १९६२ मध्येच माणशी महिना २० रुपये असा किमान खर्च सुचवला होता. पण तो आकडा कसा निघाला, हे बाहेरच्या वाचकाला तपासता येईल असं मांडलेलं नव्हतं. दांडेकर-रथ यांनी तक्ता, गृहीतक, गुणाकार, सगळं उघड्यावर ठेवलं. माझ्या मते या अभ्यासाचं खरं वजन तिथे आहे. ४० टक्के हा आकडा चूक ठरवायचा असेल, तर नेमकं कुठे बोट ठेवायचं, हे विरोधकाला त्यांनीच दाखवून ठेवलं होतं.

अभ्यास मोजणीवर थांबला नाही. साठच्या दशकातल्या विकासाचा लाभ तळातल्या लोकांपर्यंत पोचला नाही, जमिनीच्या फेरवाटपाने एवढ्या मोठ्या संख्येचा प्रश्न सुटणार नाही, सरकारने सार्वजनिक कामं काढून मजुरीची हमी द्यावी आणि त्याचा भार वरच्या वर्गाने उचलावा, असं दोघांनी लिहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर लढली गेली. घोषणा या अभ्यासातून आली असं म्हणता येणार नाही. पण घोषणेनंतर ‘कुणाची गरिबी, किती जणांची?’ असं विचारणाऱ्याच्या हातात आता आकडा होता.

## मग रोजगार हमी कुणाची?

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगारपत्रक काढून पाहा. वजावटीत व्यवसाय कर अशी ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार, कारण राज्यघटनेने या करावर तेवढीच मर्यादा घातली आहे. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम, अशी ती सरळ मांडणी होती.

मग ही योजना दांडेकर-रथ यांची देणगी म्हणायची का? नाही. योजनेचे जनक वि. स. पागे. ते विधान परिषदेचे सभापती होते, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. त्यांचा प्रयोग साठच्या दशकातच, म्हणजे पुण्याचा अभ्यास छापून येण्याआधीच, तासगावात सुरू झाला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. कामांवर माणसांची रीघ लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या प्रमाणावर काम देता येतं हे सरकारला कळलं ते अहवाल वाचून नव्हे, निकड पडली म्हणून. हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण संशोधन केंद्रांबद्दल लिहिताना ‘अभ्यास झाला, सरकारने वाचला, धोरण बदललं’ अशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. तसं क्वचितच घडतं. इथे कल्पना राजकारण्याची, धक्का दुष्काळाचा, पैसा कराचा. अभ्यासकांनी दोन गोष्टी दिल्या. हमी ही दुष्काळापुरती मलमपट्टी न ठेवता कायमची आणि देशभराची व्हावी, याचा हिशेबासकट युक्तिवाद त्यांनी आधी केला. आणि योजना सुरू झाल्यावर ती पोचते कुणापर्यंत, हे जाऊन पाहिलं. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांची १९८० मध्ये छापलेली पाहणी याच प्रश्नावर होती: कामावर येणारे लोक खरोखर गरीब आहेत का? आढळलं ते असं की, येणारे बहुतेक सगळे गरीबच होते. भर उन्हात खडी फोडायला सुखवस्तू माणूस येत नाही, त्यामुळे लाभार्थी निवडायला वेगळी यादी लागत नाही. ही गोष्ट आज उघड वाटते, तेव्हा ती मोजून दाखवावी लागली. २००५ मध्ये संसदेने देशासाठी वर्षाला १०० दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला, तेव्हा चर्चेत महाराष्ट्राचा अनुभव होता आणि तो कागदावर मोजलेला होता.

## अनुशेष

दुसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना जास्त जवळची. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासायला सत्यशोधन समिती नेमली, अध्यक्ष दांडेकर. ते तोवर गोखले संस्थेतून निवृत्त झाले होते. अहवाल १९८४ च्या एप्रिलमध्ये आला.

समितीची रीत अशी: रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घ्यायची. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते काढायचं. तो त्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य. सगळी बेरीज आली ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के.

शेवटचा आकडा पुन्हा पाहा. ‘सगळं पश्चिम महाराष्ट्राने नेलं’ असं म्हणणाऱ्यांना तो खटकला, कारण कोकण आणि अवर्षणग्रस्त पट्टा याच ‘उर्वरित’मध्ये येतो. ‘आम्ही काही नेलं नाही’ म्हणणाऱ्यांना विदर्भाचा आकडा खटकला. थोडक्यात, कुणीच खूश नव्हतं.

रीतीत अडचणीही होत्या. जिल्हा हे एकक धरलं की एका सधन तालुक्याच्या आड दोन कोरडे तालुके झाकले जातात. जिल्हा की तालुका, हा वाद पुढे प्रादेशिक समतोलावरच्या २०११ च्या केळकर समितीपर्यंत चालत आला. शिवाय सरासरी जागेवर थांबत नाही, पुढचे जिल्हे आणखी पुढे गेले की तीही वर सरकते, आणि कामाचा दरही दरवर्षी वाढतो. दहा वर्षांनी, १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर दुसऱ्या एका समितीने अनुशेष मोजला तेव्हा तो १४ हजार कोटींवर गेलेला होता. पैसा दिला नाही म्हणून वाढला, की दर वाढले म्हणून, की मोजायची रीत बदलली म्हणून, यावर वेगळे वाद झाले.

तरी त्या पहिल्या अहवालानंतर भांडणाचं स्वरूप बदललं. त्याआधी ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं भाषण होत असे. त्यानंतर सभागृहात ‘सिंचनाचा अनुशेष इतका, त्यातला इतका भरून निघाला, राहिलेला कधी देता?’ असा प्रश्न येऊ लागला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली आणि राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश निघू लागले, तेही याच हिशेबाच्या आधाराने. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

## ‘हे निवडून आलेले नाहीत, यांचं का ऐकायचं?’

ऐकायलाच हवं असं नाही, आणि सरकारं ऐकतही नाहीत. केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये सरकारला मिळाला, २०१४ च्या डिसेंबरात सभागृहात ठेवला गेला, चर्चा झाली आणि पुढे त्याचं फारसं काही झालं नाही. तो सरकारचा अधिकार आहे. अभ्यासकाने निर्णय घ्यावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

गडबड होते ती उलट बाजूने, जेव्हा सरकार आपला निर्णय अभ्यासकाच्या खांद्यावर ठेवतं. ‘अहवालात असं आलंय, आमचा नाइलाज आहे.’ मराठा आरक्षणाचंच पाहा. न्या. गायकवाड अध्यक्ष असतानाच्या राज्य मागासवर्ग आयोगाच्या अहवालावर २०१८ चा आरक्षण कायदा उभा होता. तो अहवाल आणि त्यातली आकडेवारी मुंबई उच्च न्यायालयाला जून २०१९ मध्ये पुरेशी वाटली. सर्वोच्च न्यायालयाला ५ मे २०२१ रोजी वाटली नाही. आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती त्यातून दिसत नाही, असं पाच न्यायमूर्तींनी ठरवलं. आकडे तेच, निष्कर्ष दोन. माहिती गोळा करणारा, तिचा अर्थ लावणारा आयोग, कायदा करणारं विधिमंडळ आणि तो तपासणारं न्यायालय, ही चार वेगळी कामं आहेत. पहिल्याच्या नावावर बाकी तिघांची जबाबदारी टाकली की घोळ होतो. त्यामुळे २०२४ च्या सर्वेक्षणात ॲप कुणाचं होतं याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. दीड कोटीहून जास्त कुटुंबं अकरा दिवसांत पाहिली, तर उत्तरं किती नीट घेतली गेली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

## ‘पैसे देईल त्याच्याच बाजूने बोलणार’

ही शंका सगळ्यांत टिकाऊ आहे आणि ती टिकावीच. दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा होता. गोखले संस्थेतलं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र १९५४ पासून केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अनुदानावर चालत आलं आहे. कुणाचाच पैसा नाही असं संशोधन केंद्र मला माहीत नाही.

मग पाहायचं काय? एक तर, पैसा देणाऱ्याला न आवडणारं काही त्या केंद्रातून बाहेर आलं आहे का. रथ यांनी १९८५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तच लिहिलेला लेख याचं चांगलं उदाहरण. केंद्र सरकारचा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता: गरिबाला अनुदान आणि बँकेचं कर्ज द्यायचं, त्यातून त्याने म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन घ्यायचं आणि वर यायचं. रथ यांनी हिशेब मांडून विचारलं, एवढ्या म्हशींना चारा कुठून येणार, एवढं दूध घेणार कोण? या वाटेने दारिद्र्यरेषेच्या वर निघणारी कुटुंबं थोडीच असतील, बहुतेक गरिबांना मजुरीचं कामच द्यावं लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेतला प्राध्यापक सरकारच्या लाडक्या कार्यक्रमाबद्दल हे छापून मोकळा झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे छापण्याचा हक्क. सरकारने काम दिलं, अहवाल घेतला आणि कपाटात ठेवला, असं झालं तर अभ्यासक कितीही प्रामाणिक असो, नागरिकाला त्याचा उपयोग शून्य. सल्लागार कंपनीचा अहवाल बहुधा ग्राहकाच्या मालकीचा असतो. विद्यापीठातल्या माणसाला तोच विषय नियतकालिकात मांडता येतो, त्याच्यावर टीका होते, विद्यार्थी त्यातल्या चुका काढतात. हा फरक छोटा नाही.

तिसरं, पोटाचा प्रश्न. २०२४ च्या जूनअखेरीस टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शंभरावर कंत्राटी अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या, कारण त्यांचे पगार ज्या न्यासाच्या निधीतून होत होते तो निधी अडला होता. दोन-तीन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. पण ज्याची नेमणूकच एका प्रकल्पापुरती असते, त्याने अप्रिय निष्कर्ष लिहिताना दोनदा विचार केला तर त्याला दोष देणं अवघड आहे. दबावासाठी दर वेळी कुणी फोन करावा लागतो असं नाही.

## ‘टेबलावर बसून भूक मोजता येते का?’

गोखले संस्थेची सुरुवात टेबलावर झालेली नव्हती. गाडगिळांच्या काळातली पहिली कामं म्हणजे पुण्याच्या फळबाजाराची पाहणी, दख्खनमधल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी, वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब. बागाईतदाराच्या हातात किती पडतं आणि आडत्याच्या किती, हे बाजारात उभं राहून लिहून घ्यायची ती सवय. पण हेही खरं की दारिद्र्यरेषा तक्त्यांवरूनच निघाली, आणि तिला सगळ्यांत कडवा विरोध पुण्यातूनच झाला.

विरोध करणारे पां. वा. सुखात्मे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते, तिथून निवृत्त होऊन पुण्याला आले. त्यांचं म्हणणं असं: माणसाला रोज सारखेच उष्मांक लागत नाहीत. एकच निरोगी माणूस आज कमी खातो, उद्या जास्त, आणि शरीर त्या चढउताराशी जुळवून घेतं. सरासरी गरज हीच किमान गरज धरली, तर कमी खाऊन ठणठणीत असलेले लोकही उपाशी म्हणून मोजले जातात. रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. तसं केलं की भुकेल्यांची संख्या खाडकन उतरत होती. दांडेकरांचं उत्तर होतं की एकेका माणसाच्या शरीरातला चढउतार आणि अख्ख्या गटाची खर्चाची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गटाकडे पुरेसं अन्न घ्यायला पैसाच नाही, तो गट हौसेने कमी खातो असं म्हणता येत नाही.

ऐंशीच्या दशकात हा वाद बराच रंगला. पोषणशास्त्रात त्याचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही. मला दांडेकरांची बाजू पटते, पण सुखात्म्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, हेही मान्य करायला हवं. रेषा खाली सरकली तर कोट्यवधी लोक एका रात्रीत, ताटात काहीही न बदलता, गरीब राहत नाहीत.

२०११ च्या सप्टेंबरात नेमका तोच भडका उडाला. नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: शहरात रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही. देशभर टिंगल झाली. त्यामागची रीत सुरेश तेंडुलकर समितीची होती, २००९ ची. तेंडुलकर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. त्याआधीची १९९३ ची रीत डी. टी. लकडावालांच्या समितीची, ते मुंबई विद्यापीठाचे. रेषेची वंशावळ विद्यापीठांमधून जाते ती अशी. पण रेशनचं धान्य कुणाला द्यायचं हे याच रेषेवरून ठरवावं, असं यातल्या कुठल्याही अभ्यासाने ठरवलेलं नव्हतं. देशाची प्रगती जोखायला आखलेली रेषा सरकारने लाभार्थी गाळायला वापरली. ३२ रुपयांवर जो राग निघाला, त्यातला मोठा भाग या वापरावर निघायला हवा होता.

## माहितीच नसेल तर

इतकं सगळं चालतं ते सरकारी पाहण्यांच्या जोरावर. एखादं विद्यापीठ दोन-चार जिल्ह्यांत स्वतः पाहणी करू शकतं. लाखभर कुटुंबांचा वर्षभराचा खर्च नोंदवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून २०१७-१८ ची कुटुंब खर्चाची पाहणी प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला, तेव्हा अभ्यासक हातावर हात धरून बसले. कारण माहितीच्या दर्जाचं दिलं गेलं. २०११-१२ नंतर प्रसिद्ध झालेली पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची, तिचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. मधली अकरा वर्षं देशात गरीब किती याचे वेगवेगळे अंदाज निघाले, जो तो जुन्या आकड्यांना आपापल्या रीतीने पुढे ओढत होता. २०२१ ची जनगणनाही झाली नाही. आता ती २०२७ ची होणार आहे. निधीवाटपापासून रेशनच्या कोट्यापर्यंत बरंच काही अजून २०११ च्या लोकसंख्येवर चालतं. पुण्याच्या कडेची गावं तेव्हापासून किती फुगली, हे सांगायला संशोधक लागत नाही, पण त्या गावांना आरोग्य केंद्र मंजूर करायला आकडा लागतो.

## आजची मोजपट्टी

खर्चावर आधारित दारिद्र्यरेषा आज जवळजवळ सोडून दिल्यासारखी आहे. रंगराजन समितीने २०१४ मध्ये नवी रेषा सुचवली, सरकारने ती स्वीकारली नाही, आणि दुसरी आखलीही नाही. तिच्या जागी नीती आयोग बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वापरतो. तोही एका विद्यापीठातल्या केंद्रातून आला आहे, फक्त हे केंद्र ऑक्सफर्डला आहे. सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांची ती रीत. खर्च किती हे न विचारता घरात काय नाही ते विचारायचं: पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, पक्कं घर. भारताच्या निर्देशांकात असे १२ निकष आहेत. जागतिक निर्देशांकातले दहा आणि आपण घातलेले दोन, मातेचं आरोग्य आणि बँक खातं.

या पट्टीवर महाराष्ट्रातल्या गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आलं. घट खरी आहे. गॅस आला, वीज आली, संडास झाले, त्याचा फरक घरातल्या बाईला सगळ्यांत आधी कळतो. पण यातले बरेच निकष एकदा मिळालं की सहसा परत न जाणाऱ्या वस्तूंचे आहेत. जनधनचं खातं उघडलं की तो निकष पुरा झाला, खात्यात शिल्लक काय आहे हे कुणी विचारत नाही. सिलिंडर घरात आहे की नाही हे नोंदवलं जातं. तो संपल्यावर भरून आणायला पैसे होते का, हा वेगळा प्रश्न. आणि दांडेकर-रथ ज्या गोष्टीपाशी येऊन थांबले होते, ती म्हणजे माणसाला काम किती दिवस मिळतं आणि मजुरी किती. तिचा बारा निकषांत समावेश नाही. दुष्काळात मजुरी बंद पडली तरी घराला पत्रे राहतात, मीटर राहतो, पासबुक राहतं, आणि ते कुटुंब निर्देशांकात होतं तिथेच राहतं. १९७३ सारखा उन्हाळा आज आला, तर तो या पट्टीवर उमटायला किती वेळ लागेल, हे नीती आयोगाला विचारायला हवं, आणि ऑक्सफर्डलाही.